बडोद्यात घरात मृत्यू झाला तर: स्मशान, पावती आणि दाखला

पहाटे साडेतीनला फोन आला. आमच्या सोसायटीत चार महिन्यांपूर्वी पुण्याहून राहायला आलेलं कुटुंब. मुलगा कंपनीत, आईला नुकतंच इथं आणलेलं. "काका, आई गेली हो. इथं वैकुंठ कुठं आहे?" मी शर्टात हात घालत म्हणालो, "येतोच. तोवर कुणाला वैकुंठ विचारू नका." बडोद्यात वैकुंठ म्हटलं की रिक्षावाला सोसायटी समजतो. इथं साधं, सरळ 'स्मशान' म्हणतात.

दांडियाबाजार-रावपुऱ्याकडच्या मराठी घरांतून असे फोन आले की मी जातो. काही विशेष येतं म्हणून नव्हे, चार वेळा गेलो आणि माणसं ओळखायला लागली म्हणून. नव्याने आलेल्यांची अडचण दर वेळी तीच असते. रडायलाही सवड नसताना कुठला कागद आधी आणि कुठला नंतर, हे कुणाला माहीत नसतं. म्हणून क्रमाने लिहितो.

आधी चार शब्द

तिरडीला इथं 'ननामी' म्हणतात. गोवऱ्या म्हणजे 'छाणां'. अंत्ययात्रेला आलेली माणसं म्हणजे 'डाघू'. गॅसच्या भट्टीला कुणी 'गॅस चिता' म्हणतं, कुणी 'सगडी'. मृत्यूचा दाखला म्हणजे 'मरणनो दाखलो'. 'बेसणुं' हा शब्द ऐकून घाबरू नका. भेटायला येणाऱ्यांसाठी ठरलेल्या वेळी बसायचं, इतकाच त्याचा अर्थ. तुमची इच्छा असो-नसो, शेजारी विचारणारच, "बेसणुं क्यारे?" तेव्हा वेळ सांगून टाका, नाहीतर माणसं दिवसभर येत राहतील.

पहिलं काम: डॉक्टरचा कागद

मृत्यू हॉस्पिटलमध्ये झाला असेल तर निम्मं काम तेच करतात. मृत्यूची माहिती निबंधकाकडे पाठवणं ही हॉस्पिटलची जबाबदारी आहे आणि मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 4, तेच भरतात. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यात 2023 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून या प्रमाणपत्राची प्रत नातेवाइकांना फुकट द्यायची आहे. ती मागून घ्या.

खरी पंचाईत घरातल्या मृत्यूची. तिथं फॉर्म 4-अ लागतो आणि तो भरायचा शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने. आता पुण्याहून महिनाभरापूर्वी आणलेल्या आईवर उपचार कुणी केलेले असतात? पुण्याच्या डॉक्टरने. तो फोनवर हळहळतो, पण सही करू शकत नाही. आणि ज्याने पेशंटला कधी पाहिलेलंच नाही, असा इथला डॉक्टर पहाटे चार वाजता कारण लिहून द्यायला तयार होत नाही. त्याचं चुकतही नाही. मग देह हॉस्पिटलमध्ये न्यावा लागतो, तिथं 'आणतानाच मृत' अशी नोंद होते, पोलिसांना कळवलं जातं आणि कधीकधी साध्या म्हातारपणाच्या मृत्यूतही शवविच्छेदनाची भाषा सुरू होते.

म्हणून माझा आग्रह एकच. घरातलं वयस्कर माणूस बडोद्यात आणलंत की पहिल्या आठवड्यात त्याला जवळच्या एखाद्या डॉक्टरकडे नेऊन दाखवा. रक्तदाब मोजून घ्या, जुनी फाइल दाखवा, केसपेपर काढून घ्या. गॅसजोडणी घेता, दूधवाला ठरवता, तसंच हे. त्या पहाटे आमच्या शेजाऱ्याकडे असा केसपेपर होता. सर्दीसाठी काढलेला, पण होता. डॉक्टर लुंगीवर आले, तपासलं, बसून फॉर्म भरला. वीस मिनिटांत काम झालं.

अपघात, आत्महत्या, भाजणं, पडून मृत्यू किंवा कसलाही संशय असेल तर देहाला हात न लावता पोलिसांना बोलवायचं. जुलै 2024 पासून हा पंचनामा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली होतो. लग्नाला सात वर्षं झालेली नसताना बाईचा मृत्यू झाला तर चौकशी होतेच, घरच्यांनी ती अंगावर घेऊ नये. सरकारी शवविच्छेदनासाठी साधारणपणे सयाजी हॉस्पिटल. इथं सगळे त्याला एसएसजी म्हणतात.

आणखी एक. 108 ची गाडी जिवंत माणसासाठी असते, देह न्यायला ती येत नाही. त्यासाठी 'शबवाहिनी' मागवायची. महापालिकेची असते, सेवाभावी मंडळांचीही असते. नंबर आधीच लिहून दाराआड चिकटवून ठेवा.

देहदान किंवा नेत्रदान करायचं असेल तर इथेच थांबा, पुढची तयारी करू नका. डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात. तोवर पंखा बंद ठेवून पापण्यांवर ओला कापूस ठेवा. देहदानासाठी बडोदा मेडिकल कॉलेज आहे, 1949 पासूनचं, एसएसजीला जोडलेलं. शवविच्छेदन झालेला देह सहसा घेत नाहीत.

स्मशान कुठलं, आणि ते कुणाचं

हे कळलं की पुढे भांडायचं कुणाशी हेही कळतं, म्हणून थोडं सविस्तर.

दफन-दहनाच्या जागा हा आपल्या घटनेत राज्यांचा विषय आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली, त्यात नगरपालिकांच्या कामांची यादी आहे. तिच्या 14 व्या क्रमांकावर स्मशानं, दफनभूमी आणि विद्युतदाहिन्या आहेत. गुजरातमध्ये महापालिका चालतात त्या 1949 च्या प्रांतिक महानगरपालिका कायद्याने, म्हणजे मूळ मुंबई राज्याच्याच कायद्याने. पुण्या-नाशिककडून आलेल्यांना तो ओळखीचा वाटेल. या कायद्यात मृतांच्या जागांची नोंद ठेवणं, नवी जागा लागली तर ती देणं आणि परवानगीशिवाय कुणी नवी दफन-दहनाची जागा सुरू करू नये हे पाहणं, हे सगळं महापालिकेकडे दिलेलं आहे. तेव्हा 'आपल्या शेतात दहन करू' असं कुणी सुचवलं तर नको म्हणा.

बडोद्यात प्रसिद्ध स्मशान म्हणजे कारेलीबागेकडचं खासवाडी. जुन्या शहरातली मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या तिथंच जात आली. पश्चिमेकडच्या लोकांना वडीवाडी जवळ पडतं. पण शहर तेवढंच राहिलेलं नाही. 2020 मध्ये भायली, सेवासी, बिल, वेमाली, करोडिया, उंडेरा, वडदला ही गावं महापालिकेत आली आणि त्यांच्याबरोबर त्यांची गावस्मशानंही आली. नवे फ्लॅट बहुतेक याच पट्ट्यात आहेत. गावचं स्मशान जवळ असतं, पण तिथं छप्पर आहे का, लाकूड मिळतं का, रात्री दिवा आणि माणूस असतो का, हे आधी कुणाला तरी पाठवून बघा. आपल्याच वॉर्डातल्या स्मशानात गेलं पाहिजे असा नियम नाही.

सार्वजनिक स्मशानात जात विचारून कुणाला अडवता येत नाही. नागरी हक्क संरक्षण कायदा 1955 चा आहे आणि त्यात स्मशान व दफनभूमी स्पष्ट लिहिलेली आहे. इथं मला असा प्रसंग आला नाही, पण बाहेरगावाहून आलेली माणसं दबकून विचारतात, म्हणून सांगितलं.

दफनाची रीत असलेल्यांनी, म्हणजे लिंगायत, गोसावी, नाथपंथी यांनी, आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीत सगळ्यांनीच, निघण्यापूर्वी फोन करून दफनाची जागा विचारावी. प्रत्येक स्मशानात ती नसते. कब्रस्तानं ट्रस्ट किंवा जमातीकडे असतात, त्यांच्यावर देखरेख वक्फ बोर्डाची. ख्रिस्ती दफनभूमी चर्चच्या समितीकडे. तिथे सदस्यत्वाचा प्रश्न येतो, म्हणून नव्याने आलेल्या मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांनी जवळच्या मशिदीत किंवा पॅरिशमध्ये नाव नोंदवण्याचं काम लांबवू नये. जागा कुणाचीही असली तरी कायद्याची शिस्त एकच: देह जमिनीखाली सहा फुटांपेक्षा वर नको आणि दोन कबरींमध्ये दोन फुटांचं अंतर हवं.

पावसाळ्यात एक जास्तीचा फोन करा. विश्वामित्री शहराच्या मधून वाहते. ऑगस्ट 2024 च्या पुरात ती 35 फुटांच्या वर गेली, पूल बंद झाले, मगरी गल्ल्यांत आल्या. अशा वेळी नदीच्या कुठल्या बाजूला राहता, त्यावर स्मशान ठरतं.

(येता-जाता कीर्तिमंदिर दिसेल. नवी माणसं ते देऊळ समजून चप्पल काढायला लागतात. ती गायकवाड घराण्याची स्मृतिवास्तू आहे, सयाजीराव महाराजांनी 1936 च्या सुमाराला बांधून घेतलेली. आत नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत. सवडीने जाऊन या, पण त्या दिवशी नव्हे.)

स्मशानातली खिडकी

जाताना खिशात हे हवं: डॉक्टरच्या प्रमाणपत्राची मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स, गेलेल्या माणसाचं आधार, अर्ज करणाऱ्याचं आधार. पंचनामा झाला असेल तर पोलिसांचा कागद. हे सगळं ज्याच्या हातात मडकं नाही अशा माणसाकडे द्या. अग्नी देणारा मुलगा खिडकीशी उभा राहून फॉर्म भरतोय, हे बघवत नाही.

लाकूड की गॅस, हे घरून ठरवून निघा. लाकडाच्या चितेला साधारण तीन-चारशे किलो लाकूड जातं आणि धग पाच-सहा तास राहते. गॅसला दीड-दोन तास. जुन्या मंडळींचा गॅसला विरोध असतो. मी त्यांना एवढंच सांगतो की मंत्राग्नी दोन्हीकडे देता येतो, आणि अस्थी गॅसच्या दाहिनीतून त्याच दिवशी मिळतात. पेसमेकर बसवलेला असेल तर डॉक्टरला सांगून आधी काढून घ्या, त्याची बॅटरी उष्णतेने फुटते. हे लपवू नका; भट्टीजवळ माणूस उभा असतो.

जुलै 2025 पासून महापालिकेने स्मशानांचं रोजचं काम ठेकेदारांकडे दिलं, त्यावरून शहरात वादही झाला. आपल्याला त्यातून घ्यायचं ते एवढंच: खिडकीवरचा माणूस ठेकेदाराचा असला तरी जबाबदारी महापालिकेची राहते. दराचा फलक बघा. जे फुकट आहे ते फुकट घ्या, जे पैशाचं आहे त्याची पावती घ्या, आणि आतल्या कामगाराला आपल्या खुशीने काही द्यायचं असेल तर ते वेगळं, हातात द्या. तो माणूस दिवसभर धुरात उभा असतो.

आता ती वही. खिडकीमागच्या टेबलावर लांबडं रजिस्टर असतं, गुजराती रकान्यांचं: क्रमांक, तारीख, वेळ, नाव, वय, पत्ता, कारण, आणणाऱ्याची सही. वाटायला साधी वही, पण शहराची सगळी देखरेख हिच्यापासून सुरू होते. मृत्यूची खबर देण्याचं कर्तव्य कायद्याने स्मशानाच्या व्यवस्थापकावरही टाकलेलं आहे. किती मृत्यू, कुठल्या भागात, कशाने, हे पुढे आरोग्य खात्याला कळतं ते हॉस्पिटलांच्या कागदांतून आणि अशा वह्यांतून. म्हणून सही करण्यापूर्वी ओळ वाचा. गुजराती येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. इथं आडनाव आधी लिहितात, मग नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं. ती चूक नव्हे.

माझ्या काकांचं नाव ज्ञानेश्वर. काका गेले तेव्हा गर्दीत मी सही केली, पावती घेतली, घरी आलो. दाखला हातात आला तर इंग्रजी नाव 'जी-एन'ने सुरू होणारं. गुजरातीत ज्ञ चा उच्चार ग्न असा होतो, म्हणून इकडे 'ग्नानेश्वर'. आणि काकांचं आधार, पेन्शनबुक, बँक, सगळं 'डी-एन-वाय'ने. बँकेने कागद परत केले. दुरुस्तीची सोय कायद्याच्या कलम 15 मध्ये आहे, अर्ज आणि पुरावे दिले की होते. पण ती व्हायला माझे साडेतीन महिने गेले. एका खिडकीवर मला सांगितलं, "बे नाम अलग छे, बे माणस अलग." काकू बाकावर बसली होती, ती म्हणाली, "अरे, दोघांचं एकच कुंकू पुसलं मी."

तेव्हापासून मी आधारची झेरॉक्स देताना त्यावरच्या इंग्रजी नावाखाली लाल शाईने रेघ मारतो आणि 'हेच स्पेलिंग' असं गुजरातीत लिहितो. ज्ञानदेव, प्रज्ञा, यज्ञेश ही नावं घरात असतील तर तुम्हीही मारा.

दाखला

मृत्यू जिथं झाला तिथंच नोंद होते. घर कुठं आहे किंवा दहन कुठं झालं याच्याशी संबंध नाही. देह साताऱ्याला नेऊन तिथं अग्नी दिला तरी मृत्यू बडोद्यातला असेल तर नोंद इथंच. बरेच जण गावच्या ग्रामपंचायतीत खेटे घालतात, ते वाया जातात.

मुदत 21 दिवस. त्यात नोंद फुकट. 21 ते 30 दिवसांत उशिराची फी. तीस दिवसांपासून वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं की जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश. पूर्वी यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागे, ती 2023 च्या दुरुस्तीने गेली. सुतकात बाहेर पडायचं नाही असं मानणारी घरं आहेत, त्यांनाही तेराव्यानंतर आठवडाभर हातात उरतो. तेवढा पुरतो, पण बाराव्याच्या जेवणाच्या यादीखाली हा कागद दबू देऊ नका.

गुजरातमध्ये नोंदणीसाठी 'ई-ओळख' हे पोर्टल चालत आलं, देशपातळीवर सीआरएस, म्हणजे केंद्राची नागरी नोंदणी प्रणाली, आहे. अर्ज ऑनलाइन झाला तरी वॉर्ड ऑफिसचा एक फेरा धरून चाला. दाखला गुजराती-इंग्रजी असतो. सहा-सात प्रती एकदमच काढा: बँक, विमा, पेन्शन, गॅस, मोबाइल, घराच्या कागदांचं नाव बदलणं. इथं वारसांसाठी 'पेढीनामुं' मागतात, म्हणजे वंशावळ. महाराष्ट्रातून आलेल्याला हा शब्द नवा असतो आणि तलाठ्याकडे साक्षीदार घेऊन जावं लागतं.

अस्थी

लाकडाची चिता असेल तर तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर जा. गर्दीच्या दिवसांत चौथरा रिकामा हवा असतो, त्यामुळे सावडायला नेमकं कधी यायचं ते निघताना विचारून घ्या. मडक्यावर नाव लिहिलेली चिठ्ठी बांधा.

बडोद्याची मराठी घरं अस्थी घेऊन जातात ती चांदोदला. डभोईवरून पन्नासेक किलोमीटर. नर्मदा, ओरसंग आणि गुप्त सरस्वती असा त्रिवेणी संगम. नाव करावी लागते, भाडं काठावरच ठरवा, मधल्या धारेत ठरवू नका. दहाव्याचे विधीही तिथं होतात आणि मराठी बोलणारे गुरुजी बडोद्याहून सोबत नेता येतात. सरदार सरोवर चांदोदच्या वरच्या बाजूला आहे. धरणाचे दरवाजे उघडले की घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. सप्टेंबर 2023 मध्ये तर चांदोद गावातच पाणी शिरलं होतं. भाद्रपदाच्या आसपास जाणार असाल तर आदल्या दिवशी चौकशी करून निघा.

तक्रार करायची असेल तर

लाकूड ओलं, दिवे बंद, पावतीपेक्षा जास्त पैसे मागितले, अस्थींची अदलाबदल. पहिल्यांदा वॉर्ड ऑफिसात लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. तोंडी तक्रार म्हणजे गप्पा. महापालिकेचं मुख्य कार्यालय खंडेराव मार्केटच्या इमारतीत आहे, 1906 च्या त्या देखण्या वास्तूत. आयुक्तांच्या नावाचा अर्ज तिथं देता येतो. शहरात 19 वॉर्ड आणि प्रत्येकी चार नगरसेवक, एकूण 76. चौघांपैकी एक तरी फोन उचलतो. ठेक्याला मंजुरी देते ती स्थायी समिती, म्हणून ठेकेदाराबद्दलच्या तक्रारीची एक प्रत समितीच्या अध्यक्षांना द्या. तरीही हललं नाही तर मुख्यमंत्र्यांचा 'स्वागत' हा तक्रार कार्यक्रम 2003 पासून चालू आहे, त्याची तालुका-जिल्हा पातळीवर सुनावणी होते.

आणि माहितीचा अधिकार. गुजरातमध्ये अर्जाची फी 20 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. मोघम विचारू नका. 'स्मशानात भ्रष्टाचार का आहे' या प्रश्नाला उत्तर येत नाही. 'अमुक महिन्यात लाकडाचे किती किलो खरेदी झाले, किती देहांना वापरले, ठेक्याच्या अटींची प्रत द्यावी' याला येतं.

मी काकांच्या नावासाठी असाच अर्ज केला होता: स्मशानाच्या रजिस्टरमधल्या त्या दिवसाच्या पानाची प्रत द्यावी. चौथ्या आठवड्यात ती पोस्टाने आली. काकांची ओळ शोधली. गुजराती अक्षर वळणदार, ज्ञ अगदी नेमका, वय बरोबर, पत्ता बरोबर, खाली माझी घाईतली सही. चूक पुढे कुठेतरी झाली होती, संगणकावर इंग्रजी करताना. साडेतीन महिने मी ज्या माणसाला मनातल्या मनात शिव्या देत होतो, त्याने नाव बरोबर लिहिलं होतं.